जुन्या मिलिटरी बॅगा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं दुकान जालन्यात, जुन्या मोंढ्याच्या बाजूला. ताडपत्री, ट्रकचे हूड, जीपचे पडदे, ट्रॅक्टरची सीट हा मूळ धंदा, वडिलांपासूनचा. गेली काही वर्षं मात्र आठवड्याला एखादी तरी जुनी मिलिटरीची बॅग काउंटरवर येते. कुणाला माळ्यावर सापडलेली, कुणी जुन्या बाजारातून उचललेली, तर कुणी मोबाईलवर फोटो पाहून मागवलेली आणि आता फसलो की काय म्हणून दाखवायला आणलेली. प्रश्न बहुतेक तेच असतात. मशीन थांबवून दरवेळी घाईत उत्तर देण्यापेक्षा एकदा नीट लिहून ठेवलेलं बरं, म्हणून हे पान.

"मिलिटरी बॅग" म्हणजे नक्की कोणती?

खाकी किंवा हिरव्या जाड कापडाची, झाकणाची, खांद्याला अडकवायची कोणतीही बॅग आपल्याकडे मिलिटरीचीच ठरते. खरं तर त्या एका नावाखाली चार-पाच वेगळ्या वस्तू खपतात.

माझ्याकडे सगळ्यात जास्त येते ती ब्रिटिश १९३७ पॅटर्नची, म्हणजे त्या सालच्या सैनिकी सामानाच्या नमुन्याची, छोटी हॅवरसॅक. साधारण ११ इंच रुंद, नऊ-दहा इंच उंच, चार इंच जाड, एखाद्या चौकोनी पेटीसारखी. आत मधोमध कापडाचा पडदा असतो आणि एका बाजूच्या कप्प्याचे पुन्हा दोन भाग केलेले असतात. एकात पाण्याची बाटली, दुसऱ्यात जेवणाचे डबे. सैनिक ती पाठीवर बांधायचा. पाठीवर मोठा पॅक असला की हीच डाव्या कमरेला लटकायची. एकाच पट्ट्यानं खांद्याला अडकवायची पद्धत बहुतेक नंतर घरी आल्यावर पडलेली, त्यामुळे अनेक बॅगांचे पट्टे मूळचे नसतात. ते पाहून "नकली" म्हणू नका.

दुसरी गॅस मास्कची पिशवी. ही मात्र पहिल्यापासून खांद्याला अडकवायची, कारण मास्क क्षणात हाताशी यायला हवा. तिसरी अमेरिकन एम-१९३६ फील्ड बॅग, तिला 'म्यूझेट' म्हणतात. ती अधिकारी आणि छत्रीधारी सैनिक वापरत. चौथी जर्मन 'ब्रोटबॉयटेल', शब्दशः पावाची पिशवी. आणि पाचवी, जी बाजारात सगळ्यात जास्त दिसते, ती कुठल्याच फौजेत कधी नव्हती. मिलिटरीसारखी दिसावी म्हणून शिवलेली. ती टाकाऊच असते असं नाही, काही फार चांगल्या शिवलेल्या असतात. फक्त पैसे देताना पाचवी पाचवीच्या भावानं घ्यावी.

फौजेतून आलेले लोक पाठीवरच्या बॅगेला 'पिठ्ठू' म्हणतात. कुणी "माझा पिठ्ठू शिवायचाय" म्हणत दुकानाची पायरी चढला, की खुर्ची पुढे करतो.

हॅवरसॅक हा शब्द आला कुठून?

जर्मन भाषेतून, फ्रेंच वळसा घेऊन इंग्रजीत. मूळ शब्द 'हाफरझाक'. हाफर म्हणजे ओट हे धान्य, झाक म्हणजे पिशवी. घोडेस्वार घोड्याचं धान्य ज्या पिशवीतून नेत, ती. पुढे घोडा सुटला, पिशवी सैनिकाच्या खांद्यावर राहिली.

आपल्याकडे घोड्याच्या तोंडाला चंदीची पिशवी बांधतात तिला तोबरा म्हणतात. मराठीत तोबरा घोड्यापाशीच राहिला, माणसाच्या वाट्याला आली पडशी. दोन्ही तोंडांना कप्पे, मधला भाग खांद्यावर, अर्धं ओझं पोटाकडे आणि अर्धं पाठीकडे. वारकऱ्यांच्या खांद्यावर पडशी अजून दिसते. घोड्याच्या पाठीवरची तिची मोठी बहीण म्हणजे खुर्जी. मला स्वतःला पडशीची रचना हॅवरसॅकपेक्षा शहाणी वाटते, कारण एका खांद्यावर सगळा भार येऊनही मान वाकडी होत नाही.

कॅनव्हासच का? चामडं टिकाऊ नाही का?

चामडं टिकतं, पण त्याची निगा राखायला हवी. भिजलं की ताणतं, वाळलं की कडक होऊन तडकतं. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात ब्रिटिशांना चामड्याच्या सामानाचा फार त्रास झाला. त्यानंतर १९०८ मध्ये त्यांनी पायदळासाठी पूर्ण सुती सामान आणलं: पट्टे, पाऊच, हॅवरसॅक, पाठीवरचा पॅक, सगळं विणलेल्या सुती पट्टीचं आणि कापडाचं. ती पट्टी म्हणजे आपल्या बाजेची नवारच, फक्त जास्त घट्ट विणलेली. १९३७ चा पॅटर्न त्याच वळणावर गेला.

सुताचा एक गुण ताडपत्रीवाल्याला रोज दिसतो. पाणी लागलं की सुती धागा फुगतो आणि विणीतल्या फटी आपोआप बुजतात. म्हणून जुनी सुती ताडपत्री पहिल्या सरीला थोडी झिरपते आणि नंतर धरते. शिवाय ओलं सूत कोरड्या सुतापेक्षा बळकट असतं.

पण ब्रह्मदेशाच्या जंगलात याच सुतानं दगा दिला. १९३७ चं सामान तिथं पाणी पिऊन जड व्हायचं आणि सततच्या दमटपणानं कुजायचं. त्यातून १९४४ पॅटर्न निघाला, हलका, गडद हिरवा, लवकर वाळणारा. तुमच्या बॅगेचं कापड पातळ, हिरवं आणि वजनाला हलकं असेल तर १९४४ च्या अंगानं तपासून पाहा.

या बॅगा मराठवाड्यात आल्या कशा? आपल्याकडे कुठं होती फौज?

होती, आणि पुष्कळ होती. निजामाच्या राज्यात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालची 'हैदराबाद कंटिंजंट' नावाची फौज असे. तिच्या छावण्या औरंगाबाद, जालना, हिंगोली आणि मोमिनाबाद म्हणजे आजच्या अंबाजोगाईला होत्या. १९०३ मध्ये ही फौज ब्रिटिश हिंदुस्थानी सैन्यात मिसळून टाकली. तिच्या घोडदळातूनच पुढे डेक्कन हॉर्स झाली. पहिल्या महायुद्धात १४ जुलै १९१६ ला फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत हाय वुडपाशी भाले घेऊन घोडे घातले, त्यात विसावी डेक्कन हॉर्स होती. घोडेस्वारांच्या सामानात तेव्हाही चामड्याचा वाटा मोठा होता, म्हणून त्या काळातलं कापडी सामान आपल्याकडे फारसं सापडत नाही.

दुसरा ओघ १९४८ चा. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा हैदराबाद राज्यात शिरल्या, यालाच लोक पोलीस ॲक्शन म्हणतात. मुख्य फळी सोलापूरकडून नळदुर्गमार्गे गेली, इतर तुकड्या जालना, औरंगाबाद, लातूर, मोमिनाबाद या बाजूंनी. १७ सप्टेंबरला निजामानं शस्त्रं खाली ठेवली. आपण त्या दिवशी मुक्तिसंग्राम दिन पाळतो. त्या चार-पाच दिवसांत आपल्या रस्त्यांवरून जे जवान गेले, त्यांच्या पाठीवर ही १९३७ पॅटर्नचीच हॅवरसॅक होती.

तिसरा ओघ सगळ्यात मोठा आणि सगळ्यात साधा. मराठा लाइट इन्फंट्री, महार रेजिमेंट, तोफखाना, सिग्नल्स, सप्लाय अशा ठिकाणी नोकरी करून आपले लोक पेन्शनवर घरी आले. येताना ट्रंक, मग, घोंगडी आणि एखादी बॅग आली. ती बॅग मग शेतात गेली. तिच्यात बियाणं गेलं, पाना-पक्कड गेली, दूध डेअरीचं पासबुक गेलं. कंडम झालेला माल लिलावात निघायचा आणि व्यापाऱ्यांमार्फत आठवडी बाजारात पोचायचा, तो वेगळाच.

आमच्या आजोबांची बॅग पोलीस ॲक्शनमधली आहे असं घरात सांगतात. खरं असेल का?

असू शकतं, पण बॅग १९३७ पॅटर्नची आहे एवढ्यावरून ते ठरत नाही. हे सामान आपल्या सैन्यात स्वातंत्र्यानंतरही पुष्कळ वर्षं चाललं. १९६२ मध्ये आणि १९६५ मध्येही जवानांच्या अंगावर तेच होतं. म्हणून आधी आतला शिक्का वाचा, मग आजोबांचं डिस्चार्ज बुक शोधा. त्यात भरती आणि निवृत्तीची तारीख, युनिट, सगळं असतं. आजोबांनी सांगितलेली हकिकत त्यांच्याच शब्दांत लिहून काढा, ती शिक्क्याशी जुळली नाही तरी. बॅग दुसऱ्या सालची निघाली म्हणून हकिकत खोटी ठरत नाही, सैनिकाला नोकरीत सामान बदलून मिळतच असतं.

शिक्का कुठं असतो आणि कसा वाचायचा?

झाकण उलटं करा. आतल्या बाजूला, बहुतेकदा मधोमध किंवा कडेच्या शिवणीजवळ, काळ्या शाईचा शिक्का असतो. त्यात तीन गोष्टी शोधायच्या: बनवणाऱ्याचं नाव किंवा आद्याक्षरं, साल आणि बाणाचं चिन्ह.

हा बाण म्हणजे तीन रेघांचा, वर टोक असलेला, कोंबडीच्या पावलासारखा. तो ब्रिटिश सरकारी मालमत्तेचा शिक्का. बाणाखाली इंग्रजी आय अक्षर असेल तर माल हिंदुस्थानात तपासून घेतलेला. बाण सी अक्षराच्या पोटात असेल तर कॅनडाचा, यू अक्षरात असेल तर दक्षिण आफ्रिकेचा, दोन डी अक्षरांच्या मधे असेल तर ऑस्ट्रेलियाचा. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात हे सामान प्रचंड प्रमाणात तयार झालं. विलायती मालापेक्षा आपल्याकडचं कापड थोडं भरड आणि रंग जरा वेगळा दिसतो, पण जाडीला कमी नाही. कानपूर या कामाचं मोठं ठिकाण. तिथला जुना सरकारी हार्नेस अँड सॅडलरी कारखाना म्हणजेच पुढची ऑर्डनन्स इक्विपमेंट फॅक्टरी. २०२१ च्या ऑक्टोबरात ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून सात कंपन्या केल्या, तेव्हा ती ट्रूप कम्फर्ट्स लिमिटेडकडे गेली.

शाई पुसट असेल तर कापड ओलं करू नका. सकाळच्या तिरप्या उन्हात धरा, नाहीतर अंधाऱ्या खोलीत मोबाईलची बॅटरी कापडाला जवळजवळ टेकवून आडवी मारा. शाईनं जिथं धागा किंचित कडक झालेला असतो तिथं सावली पडते आणि आकडा वर येतो. फोटो काढून रंग काळा-पांढरा केला की आणखी स्पष्ट होतो.

शिक्क्याशिवाय आणखी एक गोष्ट शोधा: हातानं लिहिलेला नंबर. सैनिक आपल्या सामानावर स्वतःचा आर्मी नंबर टाकायचा. हे मला फार उशिरा कळलं, आणि कसं कळलं तेही सांगतो. सात-आठ वर्षांपूर्वी परतूरकडचे एक आबा नातवाला घेऊन आले. बॅगेच्या झाकणाचं आतलं कापड कुजून जाळी झालं होतं. मी ते कापून काढलं, नवं अस्तर लावलं, दुहेरी शिलाई मारली, कोपऱ्यांना पट्टी दिली. काम इतकं नेटकं झालं होतं की मीच दोनदा न्याहाळलं. आबांनी बॅग घेतली, झाकण उलटं केलं आणि अस्तरावरून बोट फिरवत राहिले. मग विचारलं, "बाबा, माझा नंबर कुठं गेला?" कापलेला तुकडा आदल्या दिवशीच्या कचऱ्यात गेला होता. त्यांनी पैसे पूर्ण दिले, एक शब्द बोलले नाहीत. नातू मात्र जाताना मागे वळून पाहत होता.

तेव्हापासून बॅग हातात आली की आधी चारी बाजूंनी फोटो, आतून-बाहेरून. शिक्क्याचा किंवा अक्षराचा एक धागासुद्धा कापत नाही. अगदीच कुजलं असेल तर त्याच्या मागून मांजरपाटाचा तुकडा लावून टाके घालतो आणि मूळ कापड दिसतं ठेवतो. तुम्ही दुसऱ्या कुणाकडे दुरुस्तीला देणार असाल तर एवढं एक वाक्य आधी सांगा: लिहिलेलं काही कापायचं नाही.

असली-नकली ओळखायची सोपी खूण?

एकच खूण पुरत नाही, पण काही गोष्टी लगेच पकडता येतात. शिक्का १९४२ चा आणि झाकणाला वेल्क्रो, तर कुणीतरी खोटं बोलतंय. वेल्क्रोचं पेटंटच १९५५ चं आहे. पट्टा नायलॉनचा असेल तर तो पट्टा तरी नंतरचा. अमेरिकन फौजेनंही नायलॉनचं सामान १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणलं. दोऱ्याचं टोक पेटवून पाहा. सूत कागदासारखं जळतं आणि राख होते, पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो.

झीज बघा. खरी बॅग जिथं अंगाला घासते तिथं झिजते: खालचे दोन कोपरे, पट्टा बक्कलमधून वळतो ती घडी, झाकणाची कड. बक्कलच्या मागे दडलेला पट्टा सरकवून पाहा, तिथं मूळ रंग ताजा सापडायला हवा. कारखान्यात दगडांबरोबर धुवून म्हातारी केलेली बॅग सगळीकडून सारखीच फिकट असते, बक्कलच्या मागेसुद्धा.

कुठं मिळतात?

छत्रपती संभाजीनगरला छावणीतला गुरुवारचा बाजार आणि जाफर गेटचा रविवारचा बाजार धुंडाळा. नशिबावर आहे, सहा रविवार रिकाम्या हातानं आलात तर नाराज होऊ नका. ऑनलाइन घेताना झाकणाच्या आतला, तळाचा आणि पट्टा जिथं शिवलाय तिथला असे तीन फोटो मागा. विकणारा टाळाटाळ करत असेल तर सोडून द्या. सगळ्यात चांगल्या बॅगा मात्र विकायला येतच नाहीत, त्या गावाकडच्या घरात खुंटीला असतात.

वापरणं कायद्यात बसतं का?

जुनी बॅग बाळगणं, वापरणं यात गुन्हा नाही. आपण सैनिक आहोत असं लोकांना वाटावं या हेतूनं सैनिकासारखा पोशाख किंवा खूण वापरणं हा गुन्हा आहे. भारतीय न्याय संहितेचं १६८ वं कलम त्यासाठी आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणून बॅगेला युनिटचे बिल्ले, रँकच्या फिती लावू नका. आणि सध्या सैन्यात चालू असलेलं सामान कुणी मागच्या दारानं विकत असेल तर हात लावू नका, ते बहुधा चोरीचं असतं.

बॅगेत जुना गॅस मास्क पण निघाला. मुलं तोंडाला लावून खेळतात, चालेल का?

अजिबात नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या ब्रिटिश मास्कच्या फिल्टरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचा. त्याचे तंतू श्वासातून गेले तर फुप्फुसाचे गंभीर आजार होतात, तेही कित्येक वर्षांनी. मास्क तोंडाला लावू नका, डबा हलवू-उघडू नका, झाडूनही पाहू नका. जाड प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळून तोंड बंद करा. त्याच पिशवीत मास्क वर्षानुवर्षं पडून असेल तर ती पिशवीसुद्धा रोजच्या वापरात आणू नका, शाळेसाठी तर नकोच. हौस वेगळी, फुप्फुस वेगळं.

बॅग धुतली की हिरवं-पिवळं पाणी निघतं. रंग चाललाय का?

बहुतेक वेळा तो ब्लँको असतो. सैन्यात कापडी सामानाला एक रंगीत माती लावायचे. साबणासारखी वडी यायची, ओला ब्रश घासून ती कापडावर फिरवायची आणि वाळवायची. प्रत्येक युनिटचं सामान परेडवर एकसारखं दिसावं म्हणून. वर्षानुवर्षांचे थर बसलेले असतात, म्हणून जुन्या बॅगा कधीकधी खरबरीत लागतात. ब्लँको जाऊ द्यायचा की ठेवायचा हा तुमचा प्रश्न. संग्रहात ठेवणार असाल तर धुऊच नका, नुसता मऊ ब्रश मारा. रोज वापरणार असाल तर धुवा, नाहीतर पांढऱ्या शर्टावर उतरेल.

खाकी हा शब्द 'खाक' या फार्सी शब्दाचा, म्हणजे धूळ. पेशावरला १८४६ मध्ये उभ्या राहिलेल्या गाइड्स पलटणीनं हा रंग आधी घेतला. आपल्याकडच्या चैत्र-वैशाखात बॅग दोन दिवस बाहेर ठेवली तर हा रंग का निवडला ते आपसूक कळतं.

मग धुवायची कशी?

थंड पाणी, मोठं घमेलं आणि रिठा. रिठे रात्री भिजत घालून सकाळी चोळा, फेसाचं पाणी गाळून घ्या. त्यात बॅग अर्धा तास बुडवून ठेवा, मऊ ब्रशनं धाग्याच्या दिशेनं हळू घासा, मग तीन-चार पाण्यांतून काढा. पिळू नका. पट्ट्यावर न लटकवता उलटी करून आत वर्तमानपत्र भरून सावलीत वाळवा. वर्तमानपत्राची शाई लागायची भीती असेल तर जुनी साडी भरा. वॉशिंग मशीन नको, ब्लीच तर नकोच. ब्लीचनं डाग जातो आणि धाग्याचा जीवही जातो. वरून कापड ठीक दिसतं, सहा महिन्यांनी बोट आरपार जातं.

पावसाळ्यात काळे ठिपके आले तर ती बुरशी. कडक उन्हात दोन तास, मग कोरड्या ब्रशनं घराबाहेर झटका, मग धुवा. ठिपक्यांचा डाग पूर्ण जात नाही, तो राहू द्या. जुन्या हिरव्या बॅगांना औषधासारखा उग्र वास येतो तो वेगळा. कापड कुजू नये म्हणून त्याला तांब्याचं रसायन दिलेलं असायचं. अशी बॅग चार दिवस वाऱ्यावर ठेवा, आणि तिच्यात भाकरी-चटणी उघडी ठेवू नका.

पितळेची बक्कल कशानं घासू? चिंच चालेल?

चिंच पितळेला चालते, कापडाला नाही, डाग पडतो. सैनिक यासाठी पितळेची एक चपटी पट्टी वापरायचे, मधे खाच असलेली. ती बटणाच्या मागे सरकवली की पॉलिश कापडाला लागत नाही. तुम्ही जुन्या एक्स-रेच्या फिल्मला कात्रीनं तशीच खाच पाडा आणि बक्कलच्या मागे सरकवा. काम तेच होतं. पण मला विचाराल तर बक्कल चकचकीत करू नका. हिरवा गंज तेवढा काढा आणि थांबा.

मेण लावून वॉटरप्रूफ करू का?

व्हिडिओ पाहून हा प्रश्न सगळे विचारतात. ते व्हिडिओ थंड देशांतले असतात. आपल्याकडे मे महिन्यात सावलीत ४२-४३ अंश असतं, उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत त्याहून कितीतरी जास्त. साधं मेण तिथं मऊ होतं, त्यावर काळ्या मातीची धूळ बसते आणि बॅगेचा चिखलाचा पोपडा होतो. असा पोपडा मी खरवडलाय, कापडासकट निघतो.

लावायचंच असेल तर मृगाच्या आधी, फक्त झाकणाला आणि तळाला. मधमाश्यांचं मेण आणि मेणबत्तीचं मेण सारखं घेऊन वितळवा, वडी पाडा, ती कोरडी घासा आणि हेअर ड्रायरची गरम हवा देऊन आत मुरवा. कापड गडद होतं आणि परत फिकट होत नाही, हे आधी ध्यानात घ्या. त्यापेक्षा सोपं म्हणजे आत एक प्लॅस्टिकची पिशवी ठेवणं. शिवणीतून पाणी यायचं ते येतंच, मेण लावलं तरी.

उसवलेली बॅग साध्या शिंप्याकडून शिवून घेतली तर?

शिंप्याच्या मशीनची सुई या जाडीला वाकते. आमच्यासारख्याकडे, चपला-बॅगा शिवणाऱ्याकडे किंवा कुशनवाल्याकडे जा, जिथं जाड कापड-चामडं शिवणारं अंब्रेला मशीन आहे. पण मशीनपेक्षा दोऱ्याकडे लक्ष द्या. लोकांना वाटतं दोरा जितका मजबूत तितकं बरं. जुन्या सुताला नायलॉनचा दोरा घातला की ताण आल्यावर दोरा तुटत नाही, कापड कापत जातो, तारेनं साबण कापावा तसा. उसवलेली शिवण पुन्हा घालता येते, चिरलेलं कापड नाही. म्हणून जुन्या बॅगेला सुती दोरा, आणि तो मेणाच्या तुकड्यावरून दोन-तीनदा ओढून घेतलेला.

टाका जुन्याच भोकातून जायला हवा. मशीननं नवी भोकं पाडली तर जुन्या-नव्या भोकांची रांग होते आणि टपाल तिकीट फाटतं तसं कापड त्या रेघेवर फाटतं. म्हणून पट्ट्याची मूळं मी अजून हातानं, दाभणानं शिवतो. जुन्या बॅगेत पट्टा जिथं अंगाला जोडलाय तिथं बघा, शिलाईची एक चौकट असते आणि तिच्या आत फुली. ओझं कुठल्याही बाजूनं ओढलं तरी ताण चारही बाजूंना वाटला जावा म्हणून. हॅवरसॅकवरचा हा चार इंचांचा तुकडा मी शिकाऊ पोरांना तासभर दाखवतो. ज्यानं तो शिवला त्याला त्या सैनिकाचं नाव माहीत नव्हतं, तरी एक टाका ढिला सोडलेला नाही.

ठिगळ लावायचं तर जुन्या कॅनव्हासचंच, एखाद्या फाटक्या बॅगेतून घेतलेलं. नवं कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि जुन्याला ओढतं. नवंच लावायची वेळ आली तर आधी तीनदा धुऊन घ्या.

लॅपटॉप मावतो का? रोज ऑफिसला नेता येईल?

छोट्या १९३७ च्या हॅवरसॅकमध्ये नाही. १३ इंची लॅपटॉप साधारण ३० सेंटिमीटर रुंद, बॅग २८. ए-फोर कागदसुद्धा आडवा ठेवला तर कोपरा दुमडतो. डबा मात्र झकास बसतो, कारण ती बनलीच डब्यासाठी आहे. दोनशे पानी वही, पाण्याची बाटली, चष्मा, चार्जर, टॉवेल, आणि तो मधला पडदा असल्यामुळे काही एकमेकांत मिसळत नाही. बांधावर, साइटवर, एसटीच्या प्रवासात ही बॅग छान. ऑफिसच्या फायलींसाठी मोठी घ्या.

चार-पाच किलोच्या वर भरू नका आणि पट्टा डोक्यातून तिरका घाला. बारीक पट्टा खांद्यात रुततो. पडशीच्या जुन्या कापडाची घडी खाली घातली की बरं वाटतं. शबनम वापरणारे लोक हिच्याकडे वळतात तेव्हा पहिली तक्रार वजनाची करतात. रिकामी बॅगच जड असते, ते खरं आहे.

जुनी मिळत नाही. नवी शिवून द्याल का?

देतो. कापड सुती, ४०० ते ६०० जीएसएमचं (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम), म्हणजे चौरस यार्डाला बारा ते अठरा औंसांच्या आसपास. त्याहून जाड घेतलं तर झाकण वळत नाही. पट्ट्याला सुती नवार, पितळी किंवा साध्या लोखंडी बक्कल, टिचबटण नको, कारण धुळीत ते अडकून बसतं. शिक्का मात्र मारून देणार नाही. साल, बाण, काही नाही. एका ग्राहकानं दुप्पट पैसे देतो म्हणून सांगितलं होतं, तरी नाही म्हटलं. पन्नास वर्षांनी कुणीतरी झाकण उलटं करून तिरप्या उन्हात तो आकडा वाचायला बसेल, त्याला मी फसवायचं?

दुरुस्तीला किती दिवस लागतात?

मे-जूनमध्ये आणू नका. पेरणीच्या आधी ताडपत्रीची गर्दी असते, रात्री अकरापर्यंत मशीन चालतं. सोयाबीन काढणीच्या वेळी तेच. दिवाळीनंतर आणा, तेव्हा निवांत बसून दाभणाचं काम करता येतं. साधी उसवण असेल तर दोन दिवस, पट्टा आणि तळ बदलायचा असेल तर पंधरा. वापरायची बॅग आधी धुऊन, वाळवून आणा, संग्रहातली नुसता ब्रश मारून; खिसे मात्र आधी उलटे करून पाहा. खिशात काही चिठ्ठी, तिकीट, पावती निघाली तर ती फेकू नका, बॅगेबरोबरच आणा. मी फोटो काढून परत देतो.